फहमिदाआपाच्या अंगणातली अझेलिया

चिकलठाण्याला राहायला आलो, तेव्हा शेजारच्या फहमिदाआपाची ओळख झाली ती भांडणातून. तिची मधुमालती कुंपण ओलांडून आमच्या दोरीवरच्या कपड्यांत शिरली होती. मी कात्री घेऊन तणतणत गेले आणि परत आले ती मोगऱ्याचं रोप घेऊन. आपाशी भांडायला गेलेलं माणूस रिकाम्या हातानं परतत नसे.

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी देवगाव रंगारीत जन्मलेली, लग्न होऊन इकडं आलेली ही बाई. नवरा युसूफभाई शिंपी, मुलगा गयास इथल्याच एका कारखान्यात. घरापुढं जेमतेम अंगण, पण त्यात कण्हेर, गुलबक्षी, सदाफुली, मेंदी, डालड्याच्या डब्यांत शेवंती. जास्वंदीचं पहिलं फूल माझ्या देवाला. हाताला असा गुण, की वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटायची. आपाला त्याची घमेंड होती आणि मला ती घमेंड आवडायची. ज्यांना काही येत नाही, त्यांनीच नम्रतेचं एवढं कौतुक करून ठेवलंय.

गयासचं लग्न झालं. सून पाचगणीची, जहांआरा. तिचे वडील तिथल्या एका बंगल्यावर माळी. पोरीबरोबर सामानात एक कुंडी आली, तिच्यात बारीक पानांचं ठेंगणं झुडूप. नाव अझेलिया. मला ते नाव एखाद्या पोटाच्या दुखण्याचं वाटलं. पण त्या वेळी त्याच्यावर गुलाबी फुलांचा असा घोस होता, की आख्खी गल्ली बघायला आली.

जहांआरा कामाला चोख, बोलायला मात्र महाग. विचारलं तेवढंच सांगायची, वर गोड हसायची. आपा काहीही म्हणो, तिचं आपलं "जी अम्मी". दुपारी काम आवरलं की त्या कुंडीशी जाऊन बसायची. आपाला ते लागायचं. मला म्हणायची, "आशाबाई, ही पोर माझ्या घरात पाव्हण्यावानी राहती गं. रागवत नाय, हट्ट करत नाय. ह्ये झाड जगलं तर हितं रमंल. न्हायतर पोर मनानं तिकडंच जाईल."

आणि झाड पिवळं पडायला लागलं.

रमजान ईद होऊन महिनाही झाला नव्हता. आधी पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, मग पानं गळू लागली. आपानं कुंडी सावलीत हलवली, शेणखत घातलं. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आम्हाला लागला, झाडाला काही फरक नाही. ज्या बाईच्या हातून कधी तण मेलं नाही, तिच्या हातात हे झाड मरत होतं. ती जेवणावरून उठून कुंडी बघून यायची.

एका सकाळी मी तिच्याकडं विरजण मागायला गेले, तर आपा दारातच खिळलेली. अंगणात जहांआरा खाली बसली होती. कुंडी रिकामी, झाड उपटून बाहेर काढलेलं, आणि त्याची मुळं ती ओल्या गोणपाटात गुंडाळत होती.

"झाड घिऊन चाललीस व्हय माहेरी?" आपाचा आवाज फाटला. "जा माय. कोण अडवतंय? पण सांगून तरी जायचंस. मी काय तुजी दुश्मन हाय?" आणि ती उंबऱ्यावर बसून रडायलाच लागली.

जहांआरा घाबरून उठली. "नाही अम्मी! मी कुठं जात नाही. माती बदलतेय फक्त."

"मातीला काय झालं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. शेवटी म्हणाली, "चुना."

मग उलगडलं. ईदच्या आधी आपा घराला सफेदी करायची आणि उरलेल्या चुन्याची निवळी दरवर्षी कुंड्यांना घालायची. वाळवी लागत नाही म्हणून. कण्हेर, सदाफुली, सगळ्यांनी ती मुकाट पचवली होती. सुनेचं झाड लाडकं, म्हणून त्याला दोन तांबे जास्त. आणि या झाडाला चुना म्हणजे विष. जहांआरानं वडिलांना फोन करून विचारलं होतं. भावानं एसटीबरोबर तांबडी मातीही पाठवली होती. फक्त सासूला कसं सांगायचं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे म्याच मारलं," आपा म्हणाली.

"तुमचा हात चांगलाय अम्मी. चुना वाईट."

"अगं मग तोंडात काय धरलं होतंस इतके दिस?" आपा डोळे पुसत कडाडली. "चुकलं तर सांगायचं! मी काय तुला खाती व्हय?" आणि पदर खोचून तांबडी माती भरायला बसली.

त्या दिवसापासून दोघी त्या कुंडीच्या मागं लागल्या. हापशाचं खारं पाणी बंद, पावसाचं पिंपात साठवलेलं चालू. चिंचेखालचा कुजका पाला आणायला मलाही पिटाळलं. झाडानं मात्र सगळा पावसाळा भाव खाल्ला. दिवाळीनंतर कुठं नवी पानं धरली.

पुढच्या ईदच्या सुमाराला त्याच्यावर फुलं आली. पहिल्या वर्षीचा घोस नव्हता, मोजकीच, पण तीच गुलाबी. शीरखुर्म्याला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. सिल्लोडहून आपाची नणंद जैतुनबी आली होती. फुलांकडं बघून ती म्हणाली, "फहमिदा, तुझ्या हाताला तोड नाय बघ. हे थंडीतलं झाडबी तू जगवलंस!"

आपा काही बोलायच्या आत, वाट्या भरता भरता जहांआरा म्हणाली, "फूफी, जगवलं मी. अम्मी तर ह्याला चुना लावून बसल्या होत्या!"

जैतुनबीचा चमचा हवेतच राहिला. सुनेनं, सासूला, चारचौघींत, आणि तेही सणाच्या दिवशी! मग जहांआराच खळखळून हसली. एवढं मोठ्यानं हसताना तिला मी पहिल्यांदाच बघत होते.

आपा माझ्या दंडाला धरून मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"ऐकलंस का आशाबाई?" ती कुजबुजली. "मला टोमणा मारला पोरीनं! सगळ्यांसमोर!"