अण्णांचं मीठ बंद केलं तेव्हा

माझ्या वडिलांना मी जवळजवळ मारलं होतं, आणि तेही अत्यंत चांगल्या हेतूनं.

विष वगैरे नाही हो. तेवढी हिंमत आमच्या खानदानात कुणात नाही. मी त्यांची तब्येत सुधारत होतो!

अण्णा म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. हिंगोली डेपोत त्यांची उभी हयात गेली. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा, तोंडात दात मोजून चार. आई गेल्यापासून ते आमच्याकडं होते. दुखणं एकच, बीपी. त्याची गोळी डॉक्टरीणबाईंनी बदलून दिली. म्हणाल्या, "हिच्यानं लघवीवाटे अंगातलं पाणी कमी होतं. महिन्यानं रक्त तपासून घ्या." आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'वरून मीठ नको.'

मी घरी पोचेपर्यंत त्यातला 'वरून' रस्त्यात कुठंतरी पडला. महिन्यानं करायची रक्ततपासणीही त्याच्यामागोमाग पडली.

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात ज्येष्ठांच्या आरोग्यावर शिबिर झालं. माझ्याकडं खुर्च्या लावायचं काम होतं. पण खुर्च्या लावणाऱ्यालाही कान असतातच! शेवटी एक पत्रक मिळालं: मीठ कमी, साखर कमी, तेल कमी, फळं खा, पाणी भरपूर प्या, रोज चाला. मी हाडाचा कारकून. कागदावर 'कमी' दिसलं की आम्ही 'बंद' करतो, आणि 'भरपूर' दिसलं की उद्दिष्ट ठरवतो. चार लिटरचं ठरवलं. वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. खाली सहीसुद्धा केली. (शिक्का तेवढा नव्हता.)

पहिल्या दिवशी अण्णांनी वरणाचा घास घेतला आणि सुनेकडं बघितलं.

"सुषमा, मीठ इसरली का बाई?"

"मी न्हाई इसरले अण्णा. ह्यांनी बंद केलंय," सुषमानं माझ्याकडं बोट दाखवून अंग काढून घेतलं.

"काहून रे दिलीप?"

"तुमच्या तब्येतीसाठी."

"अरे, मिठावाचून ढोरंबी पानी पेत न्हाईत!"

"ढोरांना बीपी नसतं," मी म्हणालो. काय हजरजबाबी होतो मी त्या दिवसांत!

पंधरा दिवसांत लोणचं, ठेचा, पापड सगळं कुलपात गेलं. भाकरीच्या पिठातसुद्धा चिमूट नाही. सकाळी मैदानाला चार फेऱ्या, आणि हातात पाण्याची बाटली देऊन मी समोर उभा. "संपवा." अण्णा संपवायचे. आयुष्यभर त्यांनी पाशिंजरांना दमात घेतलं होतं. आता घोट घोट पाणी पिताना माझ्याकडं असे बघायचे, जसा विनातिकीट सापडलेला माणूस बघतो.

मग एक नवल घडलं. अण्णा रोज पेरू आणायला लागले. स्टँडसमोरच्या गाड्यावरून रोज एक पेरू, आणून नातवाच्या हातात द्यायचे. मी खूश! पत्रकातली फळं सुरू झाली म्हणून ऑफिसात चार जणांना सांगितलं. चार दातांचा माणूस रोज पेरू कशाला आणतो, हा प्रश्न मला आठ दिवस पडला नाही. शेवटी गादी झटकताना सुषमाला उशीच्या अभ्र्यात कागदाच्या सात पुड्या सापडल्या. पेरूवाला पेरूसोबत तिखट-मीठ देतो ना, ते!

मी त्या पुड्या अण्णांच्या देखत मोरीत ओतल्या.

"ह्या वयात चोरी करता अण्णा?"

सुषमा तेवढी म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना, म्हातारं माणूस हाये." मी तिला पत्रक वाचून दाखवलं. अख्खं!

त्यानंतर अण्णा गप्प झाले. जेवण कमी झालं. मळमळतंय म्हणायचे. मी निदान केलं, ॲसिडिटी. उपाय, आणखी पाणी! चालताना झोकांड्या जायला लागल्या. दुसरं निदान, नाटक. कारण रुसलेला म्हातारा आणि आजारी म्हातारा लांबून सारखेच दिसतात, आणि मी सगळं लांबूनच बघत होतो. मग एका सकाळी खाटेवर बसून अण्णा म्हणाले, "चला, फुडं सरका. औंढ्याचं कोन हाये? हट्ट्याचं? सुट्टे काढा, सुट्टे!"

पोरं हसली. मीही हसलो. आता लिहायला लाज वाटते, पण हसलो.

मग तिसरं निदान केलं, स्मृतिभ्रंश. मोबाईलवर मेंदूचे व्यायाम शोधले आणि सकाळ-संध्याकाळ तोंडी परीक्षा सुरू केली.

"अण्णा, आज वार कोणता?"

"बाजाराचा."

"मी कोण?"

ते खिशात सुट्टे शोधायला लागले. मी वहीत शून्य मार्क मांडले.

"अहो, डॉक्टरला दाखवून आणा ना," सुषमा रोज म्हणायची.

"सोमवारी नेतो," मी रोज म्हणायचो. रोज सोमवार थोडाच असतो?

रविवारी दुपारी मी बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. अण्णा धडपडत उठले, सदऱ्याची बटणं लावली आणि मला चक्क सलाम केला.

"साहेब, चेकिंग का?"

"अण्णा, पुरे आता."

"समदं बराबर हाये साहेब. येक बी तिकीट कमी न्हाई." मग त्यांनी दाराकडं बघितलं, आवाज बारीक केला आणि बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. मूठ माझी, पण वरून त्यांनीच दाबून धरली. "येवढं तुमच्यापाशी ठिवा. माझ्या पोराला सांगू नका. पोरगं चांगलं हाये, पर हातातलं मीठ हिसकून घेतंय. लई तकलीफ व्हती साहेब."

आणि मी काय केलं? कुणीही शहाणा मुलगा जे करणार नाही ते. पुडी जप्त केली.

तासाभरात ते न्हाणीत पडले. कपाळ फुटलं. हातपाय ताठले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. सुषमानं आरडाओरडा करून रिक्षा बोलावली. मी तेवढ्यातही अण्णांची फाईल शोधत होतो. (सापडली. तिच्यात पत्रक होतं. चिठ्ठी नव्हती.)

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई. रक्ताचा रिपोर्ट आला तसा त्यांनी विचारलं, "मीठ किती देता?"

"अजिबात नाही!" घाबरलेलो होतो, तरी छाती जराशी फुगलीच.

"आणि पाणी?"

"चार लिटर. मोजून."

त्यांनी पेन खाली ठेवला. "अंगातलं सोडियम पार तळाला गेलंय. तुम्ही मीठ तोडलं, त्यात ही गोळी, आणि वरून पाण्यानं राहिलेलंही पातळ करून टाकलं. म्हणून भ्रम, म्हणून तोल जाणं, म्हणून झटका. हे बडबडायला कधी लागले?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस? आणि तुम्ही काय केलं?"

सुषमा पुढं होऊन म्हणाली, "मॅडम, ह्यांनी परीक्षा घेतली."

अण्णांना सलाईनची बाटली लावली. मी नर्सला विचारलं, हिच्यात औषध कोणतं? तिनं वर न बघता सांगितलं, "मीठच हाये, काका."

मी पळत खाली गेलो, किराणा दुकानातून मिठाचा पुडा घेतला आणि धापा टाकत वर आलो. "मॅडम, एक चमचा तोंडातून देऊ का? लवकर फरक पडेल!"

"एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते. हळूहळूच वाढवावं लागतं." मग त्यांनी माझ्या हातातल्या पुड्याकडं बघितलं. "तुम्ही आता एक काम करा. काहीही करू नका. बाहेर बसा."

आयुष्यात पहिल्यांदा मी वैद्यकीय सल्ला तंतोतंत पाळला. पुडा मांडीवर घेऊन दोन दिवस बाकड्यावर बसलो. येणारेजाणारे बघायचे. एका बाईनं तर विचारलं, "दादा, हितं मीठ भेटतं का?"

तिसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले. पुसेगावहून माझी थोरली बहीण आली होती. तिनं सुषमाकडून सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडं वळली.

"दिल्या, बापाला इचारलं का कधी, काय व्हतंय म्हनून?"

"वार विचारत होतो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

सुट्टी होताना डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि मिठाचं, पाण्याचं प्रमाण लिहून दिलं. या खेपेला कागद त्यांनी माझ्या हातात न देता ताईच्या हातात दिला. अण्णाही दवाखान्यातून परस्पर ताईच्याच गाडीत बसले. मी म्हणालो, "अण्णा, घरी चला." ते म्हणाले, "व्हय, येतो की." आणि काच वर केली.

याला वर्ष झालं. कपाळावरची खूण राहिली, पायातली ताकद गेली ती पूर्ण आली नाही. काठी लागते. मी दर रविवारी पुसेगावला जातो. अण्णा मला चहा पाजतात, पाऊसपाणी विचारतात, ऑफिसचं विचारतात. सगळं कसं अदबीनं.

मागच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर गावातला एक नवा म्हातारा येऊन बसला होता. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "हे कोन हायेत हो?"

अण्णांनी मला नीट न्याहाळलं. "हिंगोलीचे हायेत," ते म्हणाले. "मानूस बरे हायेत. येत असत्यात अधूनमधून."

मी स्वयंपाकघरात धावलो. "ताई, अण्णांना पुन्हा विसर पडायला लागला! त्यांनी मला ओळखलं नाही!"

ताई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "काही इसरले न्हाईत ते," ती म्हणाली. "परवाच रगत तपासलं, समदं बराबर हाये. समदं आठवतंय त्यान्ला."

तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे स्मृतिभ्रंश नाही. अण्णांच्या बाबतीत माझं हे एवढं एकच निदान बरोबर निघालं!