गोजाबाईंचा पाच एकर माळ

गोजाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. पासष्टीच्या पुढं वय, अंगानं काडी आणि जिभेला धार. सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली संसार केलाय, पण त्यांनी चूक कबूल केलेली मी एकदाच पाहिली. तेच सांगते.

आमचं गाव सांगोल्याच्या अंगाला. चाळीस एकर गायरान, आणि धनगरवस्तीच्या सगळ्या मेंढरांचं पोट त्यावर. त्यात वेडी बाभूळ घुसली. वेडी कसली, आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणी. वरून तोडा, बुडातून दहा फुटवे काढते. तिच्याखाली पवना गवत जे गेलं ते गेलंच.

दोन दिवाळ्यांमागं सरपंच मल्लप्पा ग्रामसभेत म्हणाला, "गवतच न्हाई तर गायरान कशाला म्हणायचं? कोळसावाल्या ठेकेदाराला दहा वर्षं देऊन टाकू." ठेकेदार वरवर तोडणार, ती परत फुटणार, तो परत तोडणार. त्याला कुठं ती मरायला हवी होती? आणि माळ गेला की आमची साठ मेंढरं थेट बाजारात.

आत्या उठल्या. "एक वरीस द्या. पाच एकरात पवना दावते."

"गोजाक्का, वय काय, बोलताय काय," मल्लप्पा हसला. पण सभेपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर बघू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या पहार-कुदळ घेऊन माळावर. बुंध्याभोवती हातभर खणायचं, मातीखालची गाठ मुळासकट काढायची, मगच पुढच्या झाडाला हात लावायचा. दिवसाला चार झाडं. मी चिडून म्हणायचे, गुडघे गेले तर कोण बघणार? त्या म्हणायच्या, "तू हायस की." मग मीही जायला लागले, करते काय.

वैशाखापर्यंत पाच एकर मोकळा झाला. खत व्हावं म्हणून आत्यांनी महिनाभर तिथंच मेंढरं बसवली. आषाढात पवना उगवला, आणि त्याच्या मधोमध बाभळीची हजारो रोपं. मला रडूच आलं. बी वाऱ्यानंच आणलं म्हणून आत्या वाऱ्याला शिव्या देत होत्या. मी खाली बसून एक रोप ओढलं, तर ते लेंडीतून उगवलेलं. उन्हाळाभर आम्ही मेंढरांना बाभळीच्या शेंगा चारत होतो, दुसरं होतं काय? पोटातून गेलेलं बी आणखी जोमानं रुजतं.

"आत्या, हे आपल्याच मेंढरांनी पेरलंय."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सकाळी पोतं घेऊन निघाल्या. जमीन ओली आहे तोवर एकेक रोप मुळासकट उपटलं, दीड महिना. शेंगा खाल्लेलं मेंढरू आठ दिवस काटेरी कुंपणाच्या वाड्यातच राहील, हा नियम तेव्हापासूनचा. वाड्यातल्या लेंड्या खड्ड्यात कुजवायच्या, माळावर एक पाटीही टाकायची नाही.

दिवाळीनंतर सभेत त्यांनी पवन्याचा भारा टाकला आणि शेजारी वाळलेल्या रोपांचं पोतं उपडं केलं.

"हे काय?" मल्लप्पानं विचारलं.

"माज्या मेंढरांनी पेरलेली बाभूळ. मीच पेरली, मीच उपटली."

मल्लप्पाला आयतंच सापडलं. "बघा, स्वतःच कबूल करत्यात. मग मेंढरंच बंद करा की माळावर."

"तुजी शेरडं शेंगा खात न्हाईत व्हय रं? आन् चरायला कुटं जात्यात? वीस वर्सं आपुन समदी वाऱ्याला नावं ठेवतोय. मी कबूल झाले. आता तुमी सांगा, कुणाकुणाची जनावरं शेंगा खाऊन माळावर जात्यात?"

मग कोपऱ्यातून धुळा उठला. वस्तीत सगळ्यात मोठा कळप त्याचा. "माजीबी," म्हणाला. मग त्याचा भाऊ. मग एकेक करत सगळी वस्ती उभी राहिली. शेवटी मल्लप्पा बसल्या जागेवरून म्हणाला, "बरं, आनखी एक वरीस."

"एक कशाला? बाभूळ मरंपतूर," आत्या म्हणाल्या आणि भारा उचलून चालू लागल्या.

आता प्रत्येक घरचा एक माणूस आठवड्यातून दोन दिवस माळावर असतो. मल्लप्पाच्या घरचाही. गेल्या महिन्यात ठेकेदाराचा माणूस परत चौकशीला आला होता. आत्या एका बुंध्याच्या खड्ड्यात उतरलेल्या, म्हणून मीच पहार टेकवून सांगितलं, "बारावा एकर चालू हाय. बाजूला व्हा, पहार पायावर पडंल."