बाहेरगावचा कोच

शेवटची शिट्टी वाजली आणि थोड्याच वेळात मंडपातून निरोप आला, चेअरमनसाहेबांनी बोलावलंय. जिंकलेली पोरं त्यांच्या कोचला खांद्यावर घेऊन नाचत होती. माझी पोरं टॉवेल डोक्यावर घेऊन मातीतच बसली होती. मी मंडपात गेलो तर एका कार्यकर्त्यानं माझ्यासाठी खुर्ची आणली. एरवी तिथं कोचला कोणी खुर्ची देत नाही, तो आपला खांबाला टेकून उभा असतो. खुर्ची आली तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, जुन्नर तालुक्यात कबड्डी अजून मातीवर खेळली जायची तेव्हाची. मी तिथल्या एका सहकारी संस्थेच्या कबड्डी संघाचा कोच होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण त्यातली मंडळी अजूनही भेटली की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. संघ प्रोफेशनल म्हणायचा तो एवढ्याच अर्थानं, की पोरं संस्थेच्या पगारावर होती. कोणी गोडाऊनला, कोणी वजनकाट्यावर, कोणी गेटवर. सकाळी ड्यूटी, दुपारनंतर प्रॅक्टिस. नोकऱ्या पर्मनंट. मी मूळचा तासगावचा. माझी ऑर्डर वर्षाची असायची, दर वर्षी रिन्यू व्हायची. हा फरक मला सही करतानाही माहीत होता, पण तेव्हा संघ जिंकत होता, आणि जिंकणाऱ्या माणसाला बारीक अक्षरातलं दिसत नाही.

आता मॅचबद्दल. कबड्डी येते असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं, म्हणून थोडं सांगतो. चढाई करणारा समोरच्या अर्ध्या मैदानात जातो. तिथं आधी एक निदान रेषा असते. ती ओलांडली नाही तर तो बाद. ती ओलांडून कोणाला हात न लावता परत आला, तर गुण कोणालाच नाही. याला आम्ही फुकट चढाई म्हणतो. निदान रेषेच्या पलीकडे बोनस रेषा. समोर सहा-सात जण उभे असताना ती ओलांडून सुखरूप परत आला तर एक गुण बोनस. पण तितक्या आत गेलं की पकडले जाण्याचा धोका. पकडला गेला तर गुण समोरच्यांना.

येडगावला जत्रेची स्पर्धा होती आणि आम्ही फायनलला होतो. मिनिटभराचा खेळ उरला होता. आम्ही एका गुणानं पुढे आणि चढाई आमची. अशा वेळी शहाण्या संघाचं काम एकच, फुकट चढाई करून वेळ काढायचा. मी टाइम-आउट घेतला. चढाईला जाणार होता संपत, पिंपरी पेंढारचा पोरगा, आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू. मी त्याला म्हणालो, निदान रेषा ओलांड, मागं ये, मध्यरेषेजवळ उभं राहून दम संपत येईपर्यंत कबड्डी कबड्डी म्हण आणि परत ये. बाकी काही नको. त्यानं मान हलवली. कानात शिरलं होतं, एवढं मी आजही शपथेवर सांगेन.

तेवढ्यात माइक वाजला.

आमच्या भागातल्या स्पर्धांत एक पद्धत आहे. खेळ चालू असताना प्रेक्षकांतलं कोणीही चिठ्ठी पाठवतं आणि निवेदक पुकारतो, अमक्याच्या पुढच्या पकडीला तमक्याकडून बक्षीस. कधी रोख, कधी कोंबडा. खेळाडूंना हुरूप येतो, देणाऱ्याचं नाव चार गावांत होतं. त्या दिवशी चिठ्ठी पाठवली आमच्याच संस्थेच्या एका डायरेक्टरनं. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पिंपरी पेंढारकडची मतं त्यांच्या शब्दावर पडायची, आणि संपतला नोकरीला त्यांनीच लावलं होतं. निवेदकानं पुकारलं की संपतच्या पुढच्या बोनसला तात्यांकडून मनगटी घड्याळ. स्वतःच्या संघाला खड्ड्यात घालायला तात्यांनी घड्याळ लावलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते आपले हौसेनं हसत होते.

संपतचं अख्खं गाव रेषेला खेटून बसलेलं. बाविशीचा पोरगा. तो निदान रेषा ओलांडून मागं फिरला, थांबला आणि पुन्हा आत घुसला. डाव्या कोपऱ्यावरच्या गड्यानं त्याचा घोटा धरला आणि बाकीचे त्याच्यावर कोसळले. बरोबरी झाली. पुढच्या चढाईत त्यांच्या पोरानं आमच्या एकाला शिवलं. संपला विषय.

मंडपातल्या खुर्चीवर बसून मी हे सगळं सांगितलं. चार-पाच डायरेक्टर होते, चेअरमन मधोमध. मी शांतपणे म्हणालो की संपतला पुढच्या स्पर्धेत बाहेर बसवावं लागेल, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल की टाइम-आउटमध्ये सांगितलेलं ऐकायचं असतं. घड्याळाचा विषय मी काढला नाही, एवढी अक्कल मला होती. सगळ्यात आधी बोलले तात्याच. त्यांचं म्हणणं, पोरांत दम आहे, पण त्यांना वळण लावणारा माणूस नाही. दुसरे म्हणाले, मागच्या वर्षापासूनच संघ उतरणीला लागलाय. मागच्या वर्षी याच मंडळींनी मला उघड्या जीपमधून नारायणगावातून मिरवलं होतं. मी एकही चढाई केली नव्हती, तरी गळ्यात हार माझ्याच होता, आणि तेव्हा मीही तो काढून संपतच्या गळ्यात घातला नव्हता.

चेअरमन उठताना एवढंच म्हणाले की सरांना मी माझ्या गाडीनं सोडतो.

गाडीत ते ड्रायव्हरशेजारी न बसता मागं माझ्याजवळ बसले. मोठं शेत असलेला, कमी बोलणारा माणूस. मला म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यापास्नं दुसरा माणूस बघतोय आमी. राग मानू नका."

मी म्हणालो, "चूक कोणाची, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

"सगळ्या तालुक्यानं पाह्यलं, राव. पण सात पोरं सात गावची हाईत. एकेकाला एकेका डायरेक्टरनं चिकटवलंय. संपतला बसवला तर त्याचं गाव रुसतं, तात्या रुसतो. पोरगं वाईट म्हणायचं तर त्याला घेतलं कुणी, हा प्रश्न येतो. इलेक्शन तोंडावर हाय. तुमाला काढलं तर कोण रुसणार, सांगा?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"तासगावला आमचं मतदान न्हाई, सर."

हे ते मला टोचायला म्हणाले नव्हते. पाऊस किती झाला हे सांगावं तसं म्हणाले. मला राग आला तो त्यामुळेच. कोणी आरडाओरडा केला असता तर भांडता आलं असतं. इतक्या सरळ हिशेबाशी भांडायचं कसं?

घरी बायकोला सांगितलं. तिला नारायणगावात बालवाडीवर काम लागून थोडेच महिने झाले होते. मुलगी चौथीत, वर्ष निम्म्यावर आलेलं. तासगावला परत जायचं तर दोघींचंही सगळं मोडायचं. बायकोनं विचारलं, आता कुठं? तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, तुमच्या त्या संपतला एक तरी थोबाडीत दिलीत का? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, द्यायची होती. खरं सांगायचं तर माझाही हात शिवशिवत होताच.

तर तो दोन दिवसांनी स्वतःच आला. दारात उभा राहून, चप्पल न काढता म्हणाला, "सर, मी चेअरमनसायबांना जाऊन सांगतो. चूक माझी व्हती."

"सांग. मग काय होईल?"

"मला काढतील."

"नाही काढणार. तुला काढता येत नाही, म्हणून तर मला काढलं."

त्याला हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी चांगला कोच नव्हतो म्हणून मला काढलं, असंच त्याला सांगण्यात आलं होतं, आणि त्याचा निम्मा विश्वास बसला होता. आता त्याचा चेहरा उतरला. चौकटीला धरून तो रडायला लागला आणि माझा सगळा राग निघून गेला. इतका वेळ जपून ठेवलेला राग असा गेला, याचंच मला वाईट वाटलं. बायकोनं आतून चहा आणून त्याच्या हातात दिला. थोबाडीत कोणीच दिली नाही.

त्या काळात केबलवर परदेशातल्या फुटबॉलच्या बातम्या दिसायच्या. करोडोंचे क्लब, चार मॅच हरले की मॅनेजर घरी. मला वाटायचं, हे गोरे इतके हुशार, मग गोल चुकवणाऱ्याला सोडून बाकावर बसलेल्याला का हाकलतात? घरी बसून विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला, तेव्हा वाटलं की त्यांचं आणि आमच्या चेअरमनचं गणित एकच असणार. संघातली सगळी पोरं एका दिवसात बदलता येत नाहीत, कोच येतो. पोरं वाईट म्हटली तर ती निवडणारे वाईट ठरतात. आणि हरल्यावर लोकांना कोणावर तरी चिडायचं असतं. ते घरच्या पोरावर चिडले तर जखम घरातच राहते. बाहेरच्यावर चिडले की तो एसटीत बसून जातो आणि चीड त्याच्याबरोबर जाते. कोचच्या पगारात याचाही पगार धरलेला असतो, फक्त ऑर्डरवर लिहीत नाहीत.

हे सगळं पटलं तरी झोप काही लागत नव्हती.

नशीब असं की आंबेगाव तालुक्यात मंचरच्या एका पतसंस्थेलाही कोच हवा होता. त्यांचा संघही हरला होता आणि त्यांनीही कोच काढला होता. तो कोल्हापूरकडचा, माझ्या ओळखीतला, सज्जन माणूस. त्याच्या जागेवर जाताना मला लाज वाटली. मी त्याला फोन केला, तर तो हसला आणि म्हणाला, माझी जागा तुला, तुझी मला मिळते का बघतो. आणि त्याला ती मिळाली. दोन्ही संस्थांनी आपापल्या लोकांना सांगितलं की आता नवा, दमदार कोच आणलाय. माझी मुलगी नारायणगावच्याच शाळेत राहिली, मी रोज एसटीनं मंचरला जाऊ लागलो.

मग व्हायचं तेच झालं. घोडेगावच्या फायनलला माझा नवा संघ आणि माझा जुना संघ समोरासमोर. शेवटचं मिनिट, ते एका गुणानं पुढे आणि चढाईला संपत. मला त्याच्या गुडघ्याच्या वाकण्यावरून कळायचं की तो कुठं जाणार. मी टाइम-आउट घेऊन पोरांना सांगितलं, डावा कोपरा मुद्दाम ढिला ठेवा, तो बोनसला येणारच, आला की धरा. अशी संधी सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

संपत आला. निदान रेषा ओलांडली, मागं फिरला आणि मध्यरेषेजवळ उभा राहिला. चहूबाजूंनी लोक बोनस बोनस म्हणून ओरडत होते. आमचा ढिला कोपरा त्याला दिसला, मी त्याचे डोळे पाहिले. तो जागचा हलला नाही. कबड्डी कबड्डी म्हणत उभा राहिला, दम संपत आल्यावर पाय पलीकडे टाकला आणि शेवटची शिट्टी झाली.

आम्ही हरलो होतो आणि मला आनंद झाला होता. तो लपवायला मी खाली बसून बुटाची लेस बांधायला घेतली. इतक्या वेळा घसा फोडून जे त्याच्या डोक्यात उतरलं नव्हतं, ते माझी नोकरी गेल्यावर उतरलं होतं. पलीकडे कोल्हापूरवाल्याला हार घालत होते. संपत त्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. मी त्याच्या पाठीत एक जोरात थाप मारली. जराशी जास्तच जोरात.

हे आमच्या मंचरच्या अध्यक्षांनी पाहिलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "त्या पोराला तुमीच तयार केलंय म्हणं?"

मी हो म्हणालो.

"मग आमच्या पोरांना का न्हाई शिकवलं ते?"

शिकवलं होतं. अगदी तेच, त्याच शब्दांत शिकवलं होतं. पण शिकवलेलं अंगी लागायला कधी कधी आधी कोचची नोकरी जावी लागते, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्याच मीटिंगला त्यांनी ते आपणहून करून टाकलं.