दहा पेरं

पावसाने शाळा बंद राहिली की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई घरूनच ऑनलाइन वर्ग घेतात. सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या भिंती पातळ, त्यामुळे चौथीचं गणित मलाही ऐकू येतं. प्रश्न विचारून झाला की बाई एकदम गप्प होतात. इतक्या, की मला वाटायचं नेट गेलं. मग हळूच आवाज यायचा, "हां, बोल बाळा."

एकदा न राहवून विचारलंच. म्हणाल्या, "रबाळ्याची एक मुलगी आहे, तिचा आवाज उशिरा पोचतो. म्हणून मी बोटांची दहा पेरं मोजते. तोवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही." बोटांवरून अंगठा फिरवून दाखवलाही.

सवय अंगात मुरली असावी. परवा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "काका, बरंय ना सगळं?"

"मजेत," मी नेहमीसारखं म्हणालो.

बाई नुसत्या बघत राहिल्या. ओढणीआड त्यांचा अंगठा सरकत होता. तीन मजले गेले.

"नाही हो," मी म्हणालो. "हिच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय उद्या."

अंगठा थांबला.

"हां," त्या हळूच म्हणाल्या, "बोला काका."