सिर्मिओनेच्या बुरुजाच्या पायऱ्या

पेजर वाजला तेव्हा मी जहाजदुरुस्तीच्या गोदीत होतो. नंबर मनोहरदादांच्या सिंगापुरातल्या, हौगांगच्या घरचा. फोन लावला तर त्यांची मुलगी मुग्धा होती. "काका, बाबा सकाळी उठलेच नाहीत. आई कॅन्ट टॉक. तुम्ही या ना." टॅक्सीत बसल्यापासून माझ्या डोक्यात एक दगडी जिना फिरत होता... सहा आठवडे झाले, अजून फिरतोच आहे. यिशुनच्या माझ्या फ्लॅटमध्ये दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. लिफ्टने खाली जातो, ब्लॉकला फेरी मारतो, परत वर येतो. बायको विचारते, काय होतंय? तिलाही सांगता येत नाही.

मनोहर केळुसकर, वेंगुर्ल्याचे. आमचं रक्ताचं नातं नाही. मी शिकाऊ म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढलो ते त्यांच्या हाताखाली, पुढे सिंगापूरला आलो तेही त्यांच्याच शब्दावर. तीन वर्षांपूर्वी ते चीफ इंजिनियर आणि मी सेकंड, असे एकाच जहाजावर होतो. इंजिन बिघडून जहाज इटलीत जिनोव्हाच्या बंदरात अडकलं. एक मोठा भाग ब्रेशा शहरातल्या कारखान्यात दुरुस्तीला गेला आणि त्यावर नजर ठेवायला आम्ही दोघंही गेलो. रविवारी कारखाना बंद. दादांना हॉटेलच्या खोलीत बसवेना. "चल, तळं तरी बघून येऊ," म्हणाले.

रेल्वेने गार्डा तळ्याकाठी उतरलो आणि बोटीने सिर्मिओनेला गेलो. पाण्यात शिरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी, आणि तिच्या गळ्याशीच किल्ला. तट थेट पाण्यातून वर आलेले, गावात शिरायचं तर पुलावरून, किल्ल्याच्या पायाशी असलेल्या वेशीतूनच. किल्ल्याच्या पोटात भिंतींनी वेढलेली गोदी होती, पूर्वी तिथे लढाऊ नौका ठेवत. आता बदकं पोहत होती. दादा तिथे तासभर रेंगाळले, दरवाजे कसे उघडत असतील याचा हिशेब मांडत. "आपल्या सिंधुदुर्गाला भरती-ओहोटी तरी आहे," म्हणाले, "या पाण्याला काही कामच नाही रे." मग गल्ल्यांतून आइस्क्रीम खात हिंडलो, शैलावहिनींसाठी रुमाल घेतला, आणि परतताना त्यांनी बुरुजावर चढायचं काढलं.

निम्म्या जिन्यावर ते बसले. एक हात छातीवर, दुसऱ्याने भिंत धरलेली, कपाळावर घाम. मी खाली माणूस बोलवायला निघालो तर मनगट धरून म्हणाले, "गप्प बस. जाईल." पंधरा मिनिटं तशीच गेली. लोक आमच्या अंगावरून चढत-उतरत होते. मग ते उठले, आणि मला वाटलं खाली येतील, तर वरच निघाले. वर चारी बाजूंना निळं पाणी, खाली लाल कौलं. बराच वेळ बघत राहिले. "शैलाला एकदा इथे आणलं पाहिजे," म्हणाले. आणि लगेच, "हे तिला सांगायचं नाही, सुहास. मेडिकलवाल्यांना कळलं तर मला किनाऱ्यावर बसवतील. बसून मी काय करू?"

मी हो म्हटलं. दादांच्या शब्दाखातर म्हटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे माझ्या बढतीच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. ती महिन्याभरात झाली. दादा मेडिकल पास होत राहिले, आणि या वेळी सुट्टीवर घरी आले असताना झोपेतच गेले...

गेल्या रविवारी हौगांगला गेलो. शैलावहिनी कपाटातले शर्ट काढून घड्या घालत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती पायऱ्या राहिल्या होत्या?"

"निम्म्या तरी."

"तरी चढले?"

"चढले."

"मला सांगितलं असतंस तर मी त्यांच्याशी भांडले असते. रोज भांडले असते." शर्ट मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "तेवढं तरी मिळायला हवं होतं मला."

त्यांनी मला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. शर्ट पुन्हा उचलून विचारलं, "गाव कसं होतं?" मी सांगू लागलो. बदकांपर्यंत आलो तेव्हा फोन वाजला. दादांना बसून फोनवर बोलता येत नसे, म्हणून त्यांनी स्वतः जोड देऊन फोनची वायर खोलीभर लांब करून ठेवली आहे. वहिनींनी रिसीव्हर उचलला, आणि बोलता बोलता खिडकीपर्यंत गेल्या, दारापर्यंत आल्या, पुन्हा खिडकीकडे वळल्या. वायर फरशीवरून मागोमाग सरकत होती. मुग्धा अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती. वर न बघताच तिने वायरसाठी पाय उचलून घेतले.