सहावं येईपर्यंत पहिलं बाद

कॉलेजच्या रसायनशाळेत काचेची भांडी धुण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. दहा मिलिलिटर पाणी ती नुसत्या नजरेनं ओळखायची, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘मापकाकू’ पाडलं. ते इतकं रुळलं की प्राचार्यही तसंच हाक मारायचे.

चार वर्षांपूर्वी कॉलेजनं छोटे कोर्स काढले. एकेक सहा आठवड्यांचा. असे सहा झाले की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. मापकाकूला पदवीची हौस नव्हती, पण प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ सहा वर्षांनी निवृत्त होणार होते आणि ती जागा पदवीशिवाय मिळत नव्हती.

पाच कोर्स तिनं भांडी घासता घासता दोन वर्षांत उरकले. सहावा मात्र अडून बसला. एकदा बारा जण जमले नाहीत म्हणून रद्द. पुढच्या खेपेला जमले, तर शिकवायला कुणी नाही. रसायनाच्या सरांनी तोंडावर सांगितलं, “काकू, हे तास माझ्या कामात धरतच नाहीत. फुकट किती राबू?” तिला ते पटलंही आणि रागही आला. अखेर सव्वा वर्षानं त्याच सरांनी रविवारी येऊन तो घेतला.

सहावं सर्टिफिकेट फोनवर आलं तशी ती ओले हात पदराला पुसत ऑफिसात गेली. प्रवेशाला दोन दिवस उरले होते. कारकूनबाईंनी एकेक नंबर कंप्युटरवर टाकला. पाच हिरवे झाले, एक लाल.

“काकू, पहिलं बाद झालंय हो. तीन वर्षांची मुदत असते. गेल्याच महिन्यात संपली.”

“आणि मला येतं ते? तेही गेल्या महिन्यात संपलं?”

कारकूनबाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. “सहाही एका वेळी चालू पाहिजेत.”

“अहो, सहावा तुम्हीच लांबवलात ना!”

“ते लिहायला इथं रकानाच नाही.”

घरी नवऱ्यानं ऐकलं. सायकलचं पंक्चर काढता काढता म्हणाला, “दुधाच्या पिशवीसारखी तारीख टाकलीय की तुझ्या शिकण्यावर!” ती हसली नाही. तिनं बोटांवर हिशेब केला. पहिला कोर्स पुन्हा करायचा तर सहा आठवडे. म्हणजे यंदाचा प्रवेश गेला. पुढच्या वर्षापर्यंत दुसरं आणि तिसरंही बाद होणार.

तरी तिनं फोनवर पहिला कोर्स उघडला. धडा आता व्हिडिओवर होता. पिपेट कशी धरावी, ब्युरेट कशी खंगाळावी. दोन हात सावकाश दाखवत होते. डाव्या अंगठ्यावर ॲसिडचा जुना डाग.

“अगं, हे तर तुझेच हात!” नवरा म्हणाला.

गेल्या वर्षी सरांनी “जरा धरून दाखवा हो काकू” म्हणत काढलेला व्हिडिओ होता तो. तिनं पुढं सरकवून पाहिलं, सरकेना. पूर्ण पाहिल्याशिवाय प्रश्न उघडत नव्हते. तिनं फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीचं पान फाडून कारकूनबाईंपुढं ठेवलं. वर तीनच ओळी: ‘पहिल्या कोर्सच्या व्हिडिओतले हात माझे आहेत. ते चालत असतील तर माझं पहिलं सर्टिफिकेट चालू करावं. चालत नसतील तर व्हिडिओ काढावा.’

कारकूनबाईंनी दोनदा वाचलं. “काकू, व्हिडिओ सरांच्या नावावर आहे, ते अडचणीत येतील हो. त्यांनी तुमच्यासाठी रविवार घालवले.”

तेवढं मात्र तिला टोचलं. तिनं कागद आणखी पुढं सरकवला. मग म्हणाली, “त्यांना मी सांगते. तुम्ही शिक्का मारा.”

शिक्का बसला. उद्याची मुदत त्यानं हलणार नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. पोच घडी करून तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि सरांच्या खोलीकडं निघाली. काय बोलायचं ते अजून सुचलं नव्हतं.