आफ्रिकेतल्या बाईला मी चार पावलं चालून दाखवली

भाव जमला नाही की उठून चालायला लागणं ही एक कला आहे आणि ती मला मामांनी शिकवली. मी कॉलेजात असताना वडगावच्या जनावरांच्या बाजाराला जाताना ते मला बरोबर न्यायचे. म्हशीचा मालक खाली येत नाही असं दिसलं की मामा "ऱ्हाऊ दे मग" एवढंच म्हणायचे आणि चालू लागायचे. राग नाही, घाई नाही, देवळातून दर्शन घेऊन निघाल्यासारखं. दोन-तीन जनावरं ओलांडली की पाठीमागून हाक यायची, "ओ पावणं, या की माघारी!" हाक येईपर्यंत वळून बघायचं नाही, हा एकच नियम. वळून बघितलंस तर म्हैस तिथल्या तिथं महाग होते, असं ते सांगायचे.

या एका विद्येवर मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांचं दुकान इतकी वर्षं चालवलं. मुंबई-अहमदाबादच्या व्यापाऱ्यांपुढे मी इतक्या वेळा उठून चाललोय की त्यांना माझी पाठच जास्त ओळखीची असेल. आणि हीच विद्या मी आफ्रिकेतल्या एका बाईवर वापरली.

मामांना आफ्रिकेत शिकारीला जायचं होतं. हे वाक्य मी नातेवाइकांत ज्याला ज्याला ऐकवलं त्यानं आधी माझ्याकडं आणि मग माझ्या बायकोकडं बघितलं. मामांचं गाव वारणानगरजवळ. ऊस, म्हशी, डेअरीला दूध, असं सरळ चाललेलं आयुष्य. तरुणपणी ते गावातल्या टोळीबरोबर रानडुकराच्या शिकारीला जायचे. पण बंदूक वडीलधाऱ्यांच्या हातात. पोरांनी रानाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचे डबे बडवत जनावर उठवायचं. मामांनी डबे बडवले, काट्यांतून पळाले, अंगावर आलेल्या डुकराला चुकवून एकदा ओढ्यात पडले. मग टोळीतल्या म्होरक्यानं सांगितलं, पुढच्या साली बंदूक तुझी. आणि पुढच्या सालाच्या आत शिकारबंदीचा कायदा आला.

कायद्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. न्हायतर रानात नुसती झाडंच उरली असती, असं तेच म्हणायचे. फक्त आपली बारी राहिली, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. मग रस्त्याच्या रुंदीकरणात बांधावरची पट्टी गेली, तिची भरपाई आली, मुलांचा वाटा मुलांना देऊन झाला आणि मामा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. आफ्रिकेत आजही कायदेशीर शिकार करता येते, हे त्यांनी नातवाच्या फोनवर बघितलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. दिवाळीच्या पुढं ढकलू नका, आणि नव्या गुडघ्यांवर पुन्हा रानात पळायचं मनात आणू नका, असंही बजावलं होतं.

"तू बाजारातला माणूस," मामा म्हणाले. "तू ठरवून दे. फसायचं न्हाय. आणि हे गुडघं हायत तवर."

मी कामाला लागलो. रात्री दुकान बंद झालं की फोनवर शिकारीची कुरणं, म्हणजे शिकारीसाठी जनावरं राखलेली खासगी रानं, बघायची. हळूहळू उलगडा झाला. राहणं, जेवण आणि वाटाड्या मिळून रोजचा एक दर. त्याशिवाय प्रत्येक जनावराचा वेगळा. जनावर जखमी होऊन पळालं आणि सापडलं नाही, तरी त्याचे पूर्ण पैसे. हा नियम वाचून मी जरा वेळ फोन उलटा ठेवला.

मग मी तेच केलं जे कुठलाही कोल्हापूरकर करेल. जनावराच्या किमतीला त्याच्या वजनानं भागलं. हरणासारखं इम्पाला दिसायला स्वस्त, पण किलोमागं महाग पडत होतं. इलंड नावाचं एक धूड होतं, आपल्या म्हशीपेक्षा थोराड, आणि ते किलोच्या हिशोबात सगळ्यांत परवडत होतं. मी आनंदानं बायकोला हाक मारून दाखवलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "अहो, आणि एवढं मटण आणणार कशातनं? हातातल्या पिशवीतनं?"

तेव्हा कुठं मी पुढचं वाचलं. मटण तिथंच राहतं, कुरणाच्या मालकाचं. कातडी आणि शिंगं आपल्या देशात आणायची तर परवानग्यांचा इतका गुंता की ती घरी पोहोचेपर्यंत मामांचे नवे गुडघेसुद्धा जुने झाले असते. म्हणजे मी इतक्या रात्री भाव काढत होतो तो अशा मटणाचा, जे आमच्या ताटात येणारच नव्हतं.

तरी माझं समाधान झालं नाही. आमच्याकडं सहल म्हटली की आधी गाडी भरायची. माणसं वाढली की माणशी खर्च कमी, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी सकाळच्या चहाच्या कट्ट्यावर विषय काढला आणि संध्याकाळपर्यंत सात जण तयार झाले. त्यांतल्या एकानंही आयुष्यात घरातल्या उंदरापलीकडं काही मारलेलं नव्हतं. एकाला परत येताना दुबईत उतरून सोनं घ्यायचं होतं. एक माळकरी होता, त्याचा डबा वेगळा लागणार होता. मग कळलं की शिकारीत गणित उलटं चालतं. प्रत्येक शिकाऱ्याला आपला वाटाड्या लागतो, फार तर दोघांत एक, आणि जो नुसता बघायला येतो त्यालाही रोजचे पैसे पडतात. जितकी गाडी भरावी तितकी ती महाग. भरलेली गाडी मी एकेकाच्या घरी जाऊन रिकामी केली. दुबईवाला अजून माझ्याशी बोलत नाही.

शेवटी मी दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडचं एक कुरण निवडलं. नवरा-बायको मिळून चालवत होते. नवरा शिकारीवर नेणारा, बाई सगळा व्यवहार बघणारी. पुण्यात शिकलेल्या पुतण्याकडून इंग्रजीतली दहा-बारा वाक्यं घोटून घेतली आणि जुलैसाठी तिला व्हिडिओ कॉल लावला. उन्हानं रापलेली, पन्नाशीची बाई, मागं फ्रिज आणि फ्रिजसमोर लोळणारं कुत्रं. तिनं शांतपणे सगळं सांगितलं. बंदूक आपली आणू नका, इथली भाड्यानं घ्या, कटकट वाचेल. विमानतळावरून नेणं-आणणं यातच आहे. मग तिनं विचारलं, मामा चालतात कसे?

विकणारा माणूस मधेच कौटुंबिक चौकशी करायला लागला की तो भावावरून लक्ष काढतोय, असं मी समजतो. मी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या एका कुरणाचा दर तुमच्यापेक्षा कमी आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, त्यात काय काय धरलंय ते नीट वाचा, बंदुकीचं भाडं, वाहन आणि कर बहुतेक वेगळे असतील. खरंच वेगळे होते. मी तरी रेटलं. मग ती म्हणाली, आम्ही भाव वाढवून सांगत नाही, त्यामुळं कमी करायला जागा नसते.

हे वाक्य मला आयुष्यात प्रत्येक विकणाऱ्यानं ऐकवलंय आणि प्रत्येकानं नंतर भाव कमी केलाय. मला आतून आनंदाची उकळी फुटली. आता सौदा आलाच मुक्कामाला, असं मनात म्हणत मी पुतण्यानं न शिकवलेलं वाक्य माझ्या मनानं जुळवलं, "ओके मॅडम, लीव्ह इट देन," आणि फोन कट केला.

फोन टेबलावर सरळ ठेवला आणि चहा सांगितला.

चहा आला, साय धरून बसला. म्हशीच्या बाजारात एव्हाना दोनदा हाक आली असती. मी स्वतःशी म्हटलं, अंतर लांबचं आहे. तिकडं अजून सकाळ असेल, बाई कामात असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नवऱ्याला विचारत असेल. रविवारी म्हटलं, प्रार्थनेला गेली असेल. एक फोन आला, मी दोन्ही हातांनी उचलला, तर गडहिंग्लजहून कोणाला तरी मोटारीचं बेअरिंग पाहिजे होतं.

इकडं मामांची तयारी जोरात. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालायचे. पायजम्याखाली घोट्याच्या वर येणारे बूट घेतले होते आणि ते मुरवायला म्हणून गोठ्यातही घालत होते. गावातली माणसं विचारायची, काय, गोठ्यात सिंव्ह शिरलाय व्हय? आफ्रिकेत तीन काठ्यांच्या तिवईवर बंदूक टेकवतात म्हणून त्यांनी बांबूच्या तीन काठ्या सुतळीनं बांधून अंगणात उभ्या केल्या होत्या. रोज संध्याकाळी मला फोन करायचे. ठरलं का? मी सांगायचो, भाव चाललाय. त्यांना बरं वाटायचं. चालू दे, घाई करू नगं, म्हणायचे. आपला चेला बरोबर चाललाय, असं त्यांना वाटत होतं आणि चेला टेबलावरच्या फोनकडं बघत बसला होता.

मग एका दुपारी मी फोनवर त्या बाईच्या कुरणाचं पान उघडलं. जुलै भरला होता.

बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुमची म्हैस दुसऱ्यानं नेली."

मी मोटारसायकल काढली आणि मामांच्या गावी गेलो. ते अंगणात बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. शेजारी बूट उन्हाला ठेवलेले. मी सगळं सांगितलं. किलोचा भाव, भरलेली गाडी, "लीव्ह इट देन," सगळं. मामा आधी हसले. इतके हसले की मामी आतून डोकावून गेल्या. मग हसू ओसरलं आणि त्यांची नजर बुटांकडं गेली.

"बाजारात मी उठून चालायचो ते का, सांगू?" ते म्हणाले. "पुढचा बाजार हुता की. न्हाय मिळाली आज, तर आठवड्यानं दुसरी म्हस. म्हणून चालायचो." तेलाचा हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "ह्येला पुढचा बाजार न्हाय, लेका."

मामांनी बूट ओढले, पाय घातले आणि नाड्या बांधत म्हणाले, "लाव फोन."

मी म्हटलं, मामा, आपण आता वळून बघितलं तर...

"लाव म्हणतो न्हवं."

बाईनं फोन उचलला. फ्रिज तोच, कुत्रं तेच. मी माफीची सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळलो. मामांनी फोनसमोर तोंड आणलं. "तिला सांग, पावणं माघारी आल्यात."

मी जमेल तसं सांगितलं. ती हसली आणि पुन्हा तेच विचारलं, मामा चालतात कसे? या वेळी मी फोनच मामांकडं वळवला. मामा अंगणात चालून दाखवू लागले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत, वळताना डाव्या पायाला जरा सांभाळत. बाईनं नवऱ्याला हाक मारली. तोही येऊन बघायला लागला. जनावर विकत घ्यायच्या आधी चालवून बघतात, अगदी तसं. मामांनाही ते कळलं असावं.

"दात बी बघणार हायत का, इचार," ते चालता चालता म्हणाले.

नवरा-बायको आपसांत बोलले. मग बाई म्हणाली, जुलै गेला ते बरंच झालं. ऑगस्टच्या शेवटी एक जागा आहे. तोवर गवत वाळलेलं असतं, पानं झडलेली असतात, जनावरं पाणवठ्याच्या आसपास राहतात. सपाट भागात थोडं चालून काम होईल. आणि नराचा भाव असतो तो त्याच्या शिंगांचा; शिंगं तुम्हाला नेता येणार नाहीत, तर शिंगांचे पैसे का देता? कळप आवाक्यात ठेवायला आम्हाला दर वर्षी इम्पालाच्या काही माद्या कमी कराव्याच लागतात. त्या मारा. तिनं भाव सांगितला. मी जन्मभर उठून चाललो असतो तरी त्या भावाला पोहोचलो नसतो.

सवयीनं माझं तोंड उघडलंच होतं. शेजारी येऊन बसलेल्या मामांनी तेलाचा हात माझ्या मांडीवर ठेवला. अजून त्या पँटचा डाग गेलेला नाही.

तिची एकच अट होती. पहिल्या दिवशी कागदावर नेम धरून दाखवायचा, नेम बसत नसेल तर रानात न्यायचं नाही; जखमी जनावर कुणालाच नको. मामा म्हणाले, शानी बाय हाय. त्यांचे दोनच प्रश्न होते. गाडीतनं न्हाय ना मारायचं? ती म्हणाली, उतरून, चालत. आणि कलेजी आम्हाला मिळणार का? त्याच संध्याकाळी, चुलीवर, ती म्हणाली. घरचा कांदा-लसूण मसाला आणला तर चालेल का, हे मामींनी आतून विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. पाकीटबंद आणा आणि सगळ्यांना पुरेल एवढा आणा, असं उत्तर आलं.

डॉक्टर ऑपरेशनला ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार झाले. व्हिसाचे कागद गेलेत. तिकिटं दोनच काढलीत, मामांचं आणि माझं. मी नुसता बघणारा, रोजचे पैसे भरून.

आता दर गुरुवारी मामा कोल्हापुरात येतात आणि आम्ही नेमबाजी शिकवणाऱ्या एका हॉलमध्ये जातो. छऱ्याच्या बंदुका, भिंतीवर कागद, शेजारच्या जागांवर शाळेतल्या पोरी पटापट मधोमध भोक पाडत असतात. मामा बुटांसकट येतात, बांबूची तिवईही आणतात. कागद बदलायचं काम माझं. परवा त्यांचे दोन छरे कागदात लागले, एक मधल्या काळ्याच्या अगदी कडेला, आणि तिसरा कुठं गेला ते आम्ही दोघांनी बराच वेळ शोधलं.

"कागद जरा अलीकडं घे की," मामा म्हणाले.

"मामा," मी म्हटलं, "भाव एकच हाय."

शेजारच्या पोरीनं नेमासाठी एका डोळ्यावर लावलेली पट्टी सरकवून आमच्याकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलंच नाही. गाल बंदुकीला टेकवला, डावा पाय जरा मागं घेतला आणि श्वास धरला.